वेरूळची ताम्रचित्रे आणि ‘धेडवाडा’
युरोपीय चित्रकारांच्या साधनांचे एक पुनर्वाचन

वेरूळच्या लेण्यांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रांचा उपयोग बहुधा सजावटीपुरता केला जातो. ग्रंथाच्या आरंभी एखादे जुने चित्र छापायचे, खाली ‘डॅनिएल, १८०३’ असे लिहायचे आणि पुढे जायचे, अशी रीत पडली आहे. वास्तविक ही चित्रे इतिहासाची साधने आहेत. इतर साधनांना, म्हणजे ताम्रपटाला, शिलालेखाला किंवा प्रवासवर्णनाला, आपण जे प्रश्न विचारतो तेच या चित्रांनाही विचारले पाहिजेत. ते कोणी काढले, कोणासाठी काढले, मूळ स्थळ आणि छापील कागद यांमध्ये किती हात होते, आणि चित्राखालचे नाव कोणी दिले, हे ते प्रश्न होत. यांपैकी शेवटचा प्रश्न बौद्ध अध्ययनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

दक्षिणेतील देवालये आणि वेरूळ

युरोपातील वाचकाला भारतीय वास्तुशिल्पाचे पहिले विश्वसनीय दर्शन कोरीव चित्रांतून झाले. कार्स्टेन नीबूर हा जर्मन संशोधक डेन्मार्कच्या मोहिमेतून १७६३ मध्ये मुंबईस आला. घारापुरीच्या लेण्यांची त्याने मोजमापे घेऊन काढलेली चित्रे पुढे त्याच्या प्रवासग्रंथात छापली गेली. त्यानंतर टॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी १७९२-९३ मध्ये दक्षिण भारताचा दौरा करून मदुरा, तंजावर, महाबलीपुरम येथील देवालयांची चित्रे काढली. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या मालेत १७९५ ते १८०८ या काळात एकूण १४४ चित्रे प्रसिद्ध झाली. द्राविड शैलीच्या शिखरांची युरोपातील ओळख प्रामुख्याने याच मालेने करून दिली.

या मालेतील एक संपूर्ण भाग वेरूळला वाहिलेला आहे, आणि ते विषयास धरूनच आहे. वेरूळचे कैलास लेणे महाराष्ट्रात असले तरी त्याची घडण दक्षिणेची आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, ते कोरले गेले. त्याचे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे विमान आणि वरचा अष्टकोनी घुमट यांचे नाते पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिराशी जुळते. महाबलीपुरमचे रथ प्रत्यक्ष पाहिलेल्या टॉमस डॅनिएलला कैलासाचा आकार परका वाटला नसावा. मात्र डॅनिएल स्वतः वेरूळला गेला नव्हता. त्याने ज्या रेखाटनांवरून तांब्याचे पत्रे कोरले ती दुसऱ्याची होती.

पुणे दरबार, वेल्स आणि गंगाराम

ही रेखाटने जेम्स वेल्स याची. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला आणि पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारात वावरू लागला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. मॅलेटला लेण्यांचे विलक्षण आकर्षण होते. १७९४ च्या डिसेंबरात त्याने गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांना वेरूळचे सविस्तर वर्णन लिहून पाठविले. ते कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात छापले गेले. या वर्णनासोबतची रेखाटने गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट या पुण्याच्या चित्रकाराची असल्याचे अभ्यासक मानतात. गंगाराम वेल्सच्या आधी वेरूळला जाऊन आला होता. त्याने काढलेली लेण्यांची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जतन केलेली आहेत.

१७९५ हे वर्ष मराठी सत्तेच्या इतिहासात लक्षात राहणारे आहे. मार्चमध्ये आपल्या बीड जिल्ह्याच्या सीमेलगत खर्डा येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, आणि ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात, साष्टीतील लेण्यांचे काम चालू असताना, वेल्स तापाने वारला. त्याची रेखाटने मॅलेटच्या हाती राहिली. वेल्सची कन्या सुझाना हिच्याशी मॅलेटचा १७९९ मध्ये विवाह झाला. रेखाटने लंडनला गेली, आणि मूळ चित्रकाराच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८०३ मध्ये, डॅनिएलने त्यांवरून वेरूळची २४ चित्रे प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर वेल्स आणि डॅनिएल यांची नावे आहेत. गंगारामचे नाव नाही.

या चित्रांची पद्धती ‘अ‍ॅक्वाटिंट’ या नावाने ओळखली जाते. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून ती उष्णतेने चिकटवितात. मग पत्र्यावर आम्ल सोडले की पुडीच्या कणांमधील मोकळी जागा खाल्ली जाते आणि पत्रा खरखरीत होतो. जो भाग उजळ ठेवायचा त्यावर आधीच रोगण लावतात. जो गडद हवा तो आम्लात पुनःपुन्हा बुडवितात. शाई भरून कागद दाबला की जलरंगासारख्या छटा उमटतात. गुहेतील अंधार, दारातून येणारा तिरपा प्रकाश आणि मागे पुसट होत जाणारे खांब दाखविण्यास ही पद्धती फार अनुकूल आहे. तिच्या अडचणी मात्र दोन आहेत. पत्र्यावरील आकृती कागदावर उलटी उमटते, म्हणून कोरणाऱ्याला सर्व काही डावे-उजवे बदलून कोरावे लागते. दुसरे असे की, मूर्तीच्या हातांची मुद्रा किंवा चौकटीवरील लहान आकृती यांसारखे बारकावे मूळ रेखाटनात पुसट असतील, तर लंडनमध्ये बसलेल्या माणसाला ते अंदाजाने भरावे लागतात. बुद्धमूर्तीची ओळख तर बहुधा मुद्रेवरूनच पटते. म्हणून या चित्रांवरून एखाद्या मूर्तीची मुद्रा निश्चित करू नये. लेण्याची रचना, पडझड आणि साचलेला गाळ यांविषयी मात्र ती उपयोगी साक्ष देऊ शकतात.

या साक्षीचे मोल अकराव्या क्रमांकाच्या लेण्यावरून कळते. हे लेणे ‘दोन ताल’ म्हणून ओळखले जाते, कारण त्याचे दोनच मजले दिसत असत. १८७६ मध्ये गाळ उपसल्यावर खालचा तिसरा मजला उघडा झाला. मजले तीन झाले, तरी नाव ‘दोन ताल’ हेच राहिले. स्थळाची स्थिती बदलली तरी नाव जुन्या स्थितीला धरून बसते. नावांचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे.

नावे कोणाची?

डॅनिएलच्या संग्रहाच्या शीर्षकात वेरूळच्या डोंगरातील ‘हिंदू लेणी’ असा शब्दप्रयोग आहे. वेरूळला क्रमांक दिलेली लेणी ३४ आहेत. त्यांपैकी दक्षिणेकडची पहिली १२ बौद्ध, मधली १७ ब्राह्मणी आणि उत्तरेकडची ५ जैन आहेत. संग्रहातील चित्रांत बौद्ध आणि जैन लेणीही आहेत, पण शीर्षकाने या सर्वांना एकाच नावाखाली घातले.

यात वेल्स किंवा डॅनिएल यांचा काही विशेष हेतू होता असे समजण्याचे कारण नाही. मॅलेटने नावांची जी यादी दिली ती स्थानिक माहीतगारांकडून मिळालेली होती. जगन्नाथ सभा, इंद्र सभा, परशुराम सभा, धुमार लेणे, रामेश्वर, कैलास, दशावतार, तीन ताल, भरत-शत्रुघ्न, विश्वकर्म्याची झोपडी आणि अखेरीस धेडवाडा, अशी ती नावे आहेत. इंद्र सभा हे जैन लेणे आहे. तीन ताल, विश्वकर्मा आणि धेडवाडा ही बौद्ध लेणी आहेत. ज्यांनी ती कोरली त्यांनी दिलेले नाव यांत एकही नाही.

विश्वकर्म्याची झोपडी म्हणजे दहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह. आत सुमारे २७ फूट उंचीचा स्तूप आहे आणि त्याच्या दर्शनी भागी पाय खाली सोडून बसलेली बुद्धमूर्ती आहे. तिचे दोन्ही हात छातीशी, धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेत आहेत. हा देवांचा सुतार विश्वकर्मा असून काम करताना बोटाला जखम झाल्यामुळे त्याने ते दुसऱ्या हाताने धरले आहे, असा या मुद्रेचा अर्थ तेथे सांगितला जाई. सुतार मंडळी या मूर्तीला आपले दैवत मानीत. या समजुतीला हसण्याचे कारण नाही. लेण्याच्या कमानदार छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरलेल्या आहेत. दगडात लाकूडकाम पाहून सुताराला तेथे आपला देव दिसला, हे स्वाभाविक आहे. त्याने छत बरोबर वाचले. मूर्ती वाचण्याची विद्या मात्र या भूमीतून पूर्वीच लोप पावली होती.

ती विद्या युरोपीयांजवळही नव्हती. डॅनिएलची चित्रे निघाली तेव्हा ब्राह्मी लिपी कोणालाही वाचता येत नव्हती. बर्नूफ आणि लासेन यांचा पालिविषयक निबंध १८२६ चा. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला तो १८३७ मध्ये, आणि त्याच वर्षी टर्नरने महावंसाचे भाषांतर प्रसिद्ध केले. मधल्या काळात पश्चिम भारतातील बौद्ध अवशेषांची ओळख हळूहळू पटू लागली होती. विल्यम अर्स्किन याचा भारतातील बौद्ध अवशेषांवरील लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या तिसऱ्या खंडात १८२३ मध्ये आला. जेम्स फर्गसन याने १८४५ मध्ये लेण्यांची शिळाछाप चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा बौद्ध लेणी हा वेगळा आणि सर्वांत प्राचीन वर्ग म्हणून त्याने मांडला. डॅनिएल आणि फर्गसन यांच्यामध्ये ४२ वर्षांचे अंतर आहे. या काळात लेणी बदलली नाहीत आणि चित्रकारांचे डोळेही बदलले नाहीत. भर पडली ती भाषाज्ञानाची. आमच्या विद्यार्थ्यांना पालीचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. या ४२ वर्षांचा इतिहास हे त्याला एक उत्तर आहे.

‘लेण’ या शब्दाचा अर्थ

चित्रांखालच्या शब्दांचा विचार करताना आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. युरोपीय लेखकांनी या वास्तूंना कधी ‘खोदकाम’ म्हटले, कधी ‘गुहामंदिर’. दोन्ही शब्द बाहेरून पाहणाऱ्याचे आहेत. मराठीत मात्र आपण आजही ‘लेणे’ म्हणतो, आणि हाच शब्द पालीत व नाशिक-कान्हेरीच्या प्राकृत शिलालेखांत ‘लेण’ या रूपाने येतो. पालीत त्याचा मूळ अर्थ आश्रयस्थान, आसरा असा आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्षूंना विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा अशा पाच प्रकारच्या लेणांची अनुज्ञा दिल्याचे सांगितले आहे. संयुत्तनिकायात तर निब्बाणाच्या पर्यायांमध्येही ‘लेण’ हा शब्द येतो. म्हणजे लेण प्रथम आसरा आहे, आणि मंदिर हा अर्थ त्याला नंतर चिकटलेला आहे. वेरूळच्या पहिल्या बारा लेण्यांपैकी एकच चैत्यगृह आहे. उरलेली अकरा विहार आहेत. जी वास्तू माणसांच्या राहण्यासाठी कोरली होती, तिला चित्रसंग्रहांनी देवालयांच्या रांगेत बसविले.

धेडवाडा

आता यादीतील शेवटच्या नावाकडे येऊ. मॅलेटने ‘धेडवाडा’ या नावाचा अर्थ हलालखोरांची वस्ती असा दिला आहे. बर्जेसच्या काळापर्यंत हे नाव दक्षिण टोकाच्या लेण्यांसाठी वापरात होते, आणि पाचव्या क्रमांकाच्या लेण्याला आजही ‘महारवाडा’ म्हणतात. हे लेणे सुमारे ११७ फूट खोल आणि ५८ फूट रुंद आहे. दोन्ही बाजूंना २४ खांब आहेत, आणि मध्यभागी दोन लांब, बुटके दगडी बाक समोरून थेट गाभाऱ्यापर्यंत गेले आहेत. भिक्षूंनी समोरासमोर बसून पठण किंवा भोजन करावे यासाठी ही योजना असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गाभाऱ्यात बुद्ध बसलेले आहेत. पावसाळ्यात महार समाजातील लोक येथे आसरा घेत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

या नावाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो, आणि दोन्हींत सावधगिरी हवी.

पहिला अर्थ असा की, अठराव्या शतकाच्या अखेरीस या लेण्यांना पावित्र्य उरले नव्हते, म्हणूनच ज्यांना गावात जागा नव्हती त्यांना ती मोकळी होती. कैलासासारख्या पूजास्थानी ज्यांना मज्जाव होता ते काही अंतरावर बुद्धाच्या गाभाऱ्यासमोर निजत होते. कोणी त्यांना अडविले नाही, याचे कारण औदार्य नव्हे, उपेक्षा हे होते.

दुसरा अर्थ आपल्या मनाला अधिक जवळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात, अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते आणि बौद्ध धर्म न सोडल्यामुळे ते बहिष्कृत झाले, असा सिद्धान्त मांडला. मग बौद्ध विहाराला महारवाडा म्हणणे हा त्या जुन्या नात्याचा अवशेष मानावा काय? आमच्या अभ्याससहलींत हा प्रश्न दर वेळी निघतो, आणि तो विचारणाऱ्याचा आवाज बहुधा भरून आलेला असतो. तरीही अभ्यासक म्हणून सांगणे भाग आहे की, हे नाव त्या सिद्धान्ताचा पुरावा होऊ शकत नाही. लेणे सातव्या शतकातले आहे आणि नावाची नोंद अठराव्या शतकाच्या अखेरची. मधल्या हजार वर्षांचा एकही दुवा हाती नाही. ज्या न्यायाने आपण विश्वकर्म्याच्या बोटाची कथा बाजूला ठेवतो, त्याच न्यायाने आपल्याला प्रिय असलेली कथाही तपासली पाहिजे. बाबासाहेबांनी स्वतः आपल्या सिद्धान्तासाठी साधनांची छाननी करण्याचा मार्ग पत्करला होता. त्यांच्या नावाने तो मार्ग सोडणे योग्य होणार नाही.

मग या नावात काय उरते? उरते ते थोडे नाही. ज्यांच्या वस्तीची दखल दुसरे कोणी फारशी घेत नव्हते, त्यांच्या आसऱ्याचे नाव एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रातून छापील इतिहासात आले. नाव अवमानाचे आहे, पण नोंद खरी आहे. ‘लेण’ या शब्दाचा जो पहिला अर्थ विनयात आहे, त्या अर्थाने, म्हणजे आसरा म्हणून, त्या काळात या वास्तूचा उपयोग या लोकांनी केला, एवढे तरी निश्चितपणे म्हणता येते.

मॅलेटच्या पत्रानंतर १४० वर्षांनी, १९३४ मध्ये, बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत ते दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. धुळीने माखलेल्या काहींनी दारातील हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून ‘धेडांनी’ हौद बाटविला असा ओरडा झाला आणि जमाव गोळा झाला. अखेर आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही, अशा अटीवर आणि सशस्त्र शिपायाच्या देखरेखीखाली त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अस्पृश्य हा हिंदूला जसा अस्पृश्य तसाच इतर धर्मीयांनाही, हे या प्रसंगातून त्यांना दाखवायचे होते. आपल्या विषयापुरते येथे एवढेच नोंदवायचे की, मॅलेटच्या यादीतील शब्द तोच होता आणि प्रदेशही तोच. वेरूळच्या चित्रांखाली जे नाव निर्विकारपणे छापले गेले, ते हौदाच्या काठी जिवंत माणसांच्या अंगावर फेकले गेले.

पुढील काम

कोरीव चित्रांचे युग छायाचित्राने संपविले. फर्गसन आणि मेजर गिल यांचा लेण्यांवरील १८६४ चा ग्रंथ छायाचित्रांनीच सजलेला होता. गिलने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या प्रतिकृती वर्षानुवर्षे खपून केल्या, त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे बर्जेसच्या १८८३ च्या अहवालांत मोजणी केलेले नकाशे आले आणि वेरूळचा शास्त्रीय अभ्यास स्थिरावला. त्यामुळे जुन्या चित्रांकडे दुर्लक्ष झाले, आणि त्यांच्यासोबत जुन्या नावांकडेही.

आपल्या जिल्ह्यापुरते एक काम सुचवावेसे वाटते. अंबाजोगाईच्या शिवलेण्याला त्यातील दगडी हत्तींवरून लोक ‘हत्तीखाना’ म्हणतात. हे नावही कोरणाऱ्यांचे नव्हे, पाहणाऱ्यांचे आहे. मराठवाड्यातील प्रत्येक लेण्याची अशी लोकनावे आहेत, आणि ती सांगणारी पिढी संपत चालली आहे. विद्यार्थ्यांनी गावोगावी जाऊन ही नावे, ती सांगणाऱ्याची समजूत आणि लेण्याचा अलीकडच्या आठवणीतील वापर लिहून घ्यावा. कोणाची गुरे तेथे बांधली जात, कोणाचा संसार दुष्काळात तेथे थाटला गेला, हे विचारावे. उत्तर आपल्या अपेक्षेप्रमाणे आले नाही तरी ते तसेच लिहावे.

आणि वेरूळच्या पुढच्या सहलीत डॅनिएलच्या चित्रांच्या प्रती सोबत न्याव्यात. दहाव्या लेण्यात स्तूपासमोर उभे राहून आधी चित्र पाहावे, मग मूर्तीचे हात. गंगाराम आणि वेल्स यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे पाहिले. त्यांना जे वाचता आले नाही ते वाचण्याची साधने आज आपल्या हाती आहेत. पाचव्या लेण्यातील दगडी बाकांवर क्षणभर बसावे, आणि तेथे प्रथम कोण बसले आणि नंतर कोण निजले, या दोघांचीही आठवण ठेवून उठावे.